सातवं मत

४ जून

ती. ताईस,
पाया पडतो, आणि लगेच कामाचं लिहितो.

फुकट मिळालेलं मशीन आम्हाला कितीला पडलं ते आधी ऐक. मशीन स्तनांच्या तपासणीचं. एका बड्या कारखान्यानं दान दिलं. फोटो निघाले, भाषणं झाली, आणि मग ते दारातून आत जाईना. चौकट काढली. तरी वळेना, म्हणून आतली भिंत पाडली. भिंत पाडल्यावर कळलं की तिच्यातून पाण्याचा पाइप गेलाय. तीन दिवस दवाखाना बंद. मशीनला स्वतंत्र खोली लागते, म्हणून बायकांची बसायची खोली गेली. चालवायला शिकवायचं म्हणून एका मुलीला दोन महिने परगावी पाठवलं, ती तिथेच लग्न करून राहिली. म्हणजे एक चौकट, एक भिंत, तीन दिवस, एक खोली आणि एक मुलगी. मशीनवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

हसू नकोस. हे मशीन घेताना विश्वस्तांना कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी एकटीनं होकार कळवला. तुझी मैत्रीण आहे, संस्था तिनं उभी केली, सगळं मान्य. पण सव्वीस वर्षं संचालक राहिल्यावर माणसाला वाटायला लागतं की संस्था म्हणजे आपल्या घराची मागची खोली.

आणि मशीन ही त्यातली छोटी गोष्ट. जानेवारीत बाई आजारी पडल्या. काय झालंय ते कुणाला सांगितलं नाही. तीन आठवडे आल्या नाहीत, आणि अहवालांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीचे एकशे बारा अहवाल आत पडून. त्यात कॅन्सरची सुरुवात किती जणींना, हे सांगायला कुणी नाही. शेवटी मी सुतार बोलावून कपाट फोडलं. त्या दिवसापासून अहवाल कळवण्याचं काम तात्पुरतं म्हणून कार्यालयाकडे घेतलंय.

आता मुद्दा. २५ जुलैच्या सभेत मी अध्यक्ष या नात्यानं ठराव मांडतोय. दोन कलमं. एक, डॉक्टरीणबाईंनी संचालकपदावरून निवृत्त व्हावं. दोन, अहवाल कळवण्याचं काम कायमचं कार्यालयाकडे द्यावं. आपण सात विश्वस्त. बाई स्वतः धरून तीन एका बाजूला, मी धरून तीन दुसऱ्या बाजूला. सातवी तू. परगावच्या विश्वस्ताचं मत स्वतःच्या हस्ताक्षरात, पत्रानंच आलं पाहिजे असा नियम आहे. तो नियमही बाईंनीच लिहिलाय, बघ.

मी लिफ्टचा माणूस. तळमजल्यावर उभा राहून फक्त आवाजावरून सांगतो की कुठल्या मजल्यावर काय झिजलंय. संस्थेत शिरलो त्या आठवड्यात मला आवाज आला होता.

लवकर लिही.
तुझा
धाकटा


११ जून

चि. धाकट्या,
आशीर्वाद. चष्मा बदललाय, त्यामुळे अक्षर वाकडं वाटलं तर दोष दुकानदाराचा.

फोन का करत नाहीस, असं तू मुलापाशी विचारलंस म्हणे. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. पत्रात निदान पाळी येते. शिवाय फोन घरात एकच चालतो, तो मुलाच्या खिशात असतो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मशीनचा भाग सुनेला वाचून दाखवला, ती हसून हसून बेजार. पण त्यात एक गोष्ट तू गिळलीस. बसायची खोली गेली, मग बायका बसतात कुठं?

मत एवढ्यात देणार नाही. आधी तुला काही सांगायचंय, कारण तू संस्थेत आलास दीड वर्षांपूर्वी आणि मी तिथली पहिली नर्स. तेव्हा दोन टेबलं होती आणि मधे पडदा म्हणून डॉक्टरचीच चादर. पहिल्या महिन्यात चार बायका आल्या. दुसऱ्या महिन्यात एकही नाही, कारण त्या चौघींतल्या एकीच्या घरी आम्ही पत्र पाठवलं होतं. नवऱ्यानं ते फोडलं. "असले रोग चांगल्या घरातल्या बाईला होत नाहीत," म्हणून तिला माहेरी पाठवून दिलं. त्यानंतर डॉक्टरनं ठरवलं, की इथं कुणाचं खरं नाव लिहायचं नाही. बाई येईल ती स्वतःचं टोपणनाव ठेवील, आणि तेच तिच्या कागदावर राहील. खरं नाव नि घर फक्त डॉक्टरच्या वहीत.

आणि दुसरं. अहवाल चांगला असेल तर कुणी काही कळवायचं नाही. वाईट असेल तर डॉक्टर किंवा सेविका स्वतः जायची. कधी शिलाईचं माप घ्यायला, कधी जुनी भांडी बघायला आल्यासारखी. बाईला पक्कं ठाऊक असायचं, की पंधरा दिवसांत कुणी दारात आलं नाही म्हणजे आपण सुटलो. सव्वीस वर्षं या भरवशावर बायका रात्री झोपल्या आहेत.

आता तू म्हणशील ताई मैत्रिणीची बाजू घेते. संस्था एका माणसाच्या डोक्यात ठेवू नये, हे मीच तिला अकरा वर्षांपूर्वी तोंडावर सांगितलं होतं. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तेव्हा मला बाजू शिकवू नकोस.

मला एवढंच सांग. आता वाईट अहवाल कोण सांगतं, आणि कसा?

मार्चच्या सभेला आले तेव्हा तू मला संस्था दाखवलीस, पण तेव्हा मी जरा घाईत होते. हे विचारायचं राहिलं.

ताई


१९ जून

ती. ताई,
नमस्कार. पत्र मिळालं, कान धरलेत ते सोड, मग सांगतो.

बायका व्हरांड्यात बसतात. वर पत्रा टाकलाय, पंखा लावलाय. रस्त्यावरून दिसतं, हे खरं. पडदा लावून देतो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, आणि हे उत्तर द्यायला मी कधीचा वाट बघतोय. फेब्रुवारीपासून बाईच्या अर्जावर मोबाइल नंबर घेतो. नंबर नसेल तर अर्ज पुढे जात नाही. कपाटातले वाईट अहवाल सेविकेनं तेव्हाच जुन्या पद्धतीनं कळवले, हे त्यानंतरचं. अहवाल आला की आठ दिवसांच्या आत निरोप जातो. चांगला असेल तर निरोप नाही, ती तुमची पद्धत मी तशीच ठेवली. टोपणनावंही तशीच ठेवली. कुणी म्हणायला नको की लिफ्टवाल्यानं जुनं सगळं मोडलं. निरोपात संस्थेचं नाव नाही, रोगाचं नाव नाही. "नमस्कार महाराणी. आपला अहवाल आला आहे. त्वरित केंद्रात यावे." बस. उद्या नवऱ्यानं वाचला तरी त्याला काही कळणार नाही.

फेब्रुवारी ते मे, अडतीस जणींचे अहवाल वाईट. अडतीस निरोप आठ दिवसांत गेले. शंभरातले शंभर पोचले, कॉम्प्युटरवर तशी खूण येते. निरोप वाचून अकरा जणी आल्यासुद्धा. आता उरलेल्या सत्तावीस निरोप मिळूनही येत नाहीत, त्याला संस्था काय करणार? घोड्याला पाण्यापर्यंत नेलं, असं समज, पुढचं त्यानं बघायचं. तुमच्या काळी सेविका वर्षाला किती दारं वाजवायची? मी चार महिन्यांत अडतीस वाजवली, खुर्चीतून न उठता. दुसऱ्या तीन संस्थांनी ही पद्धत विचारून घेतलीय. एका सभेत मला त्यावर बोलायलाही बोलावलंय.

नावं मात्र काय एकेक ठेवतात बायका. यादी समोर आहे. महाराणी, विमान, सुई, तिसरी घंटा, मिरची. एकीनं तर स्वतःचं नाव 'चौकीदार' ठेवलंय. ही कोण असेल, असं म्हणून कार्यालयात सगळे हसलो. नक्की कुणाची तरी खडूस सासू.

परवा विश्वस्तांची छोटी बैठक झाली. मी हे आकडे वाचून दाखवले. बाई गप्प ऐकत होत्या, मान जरा तिरकी करून, माझ्याकडे न बघता. हल्ली अशाच बसतात, जणू समोरच्याची किंमतच नाही. मग म्हणाल्या, "लिफ्टवाले, बटण दाबलं की वर येते ती लिफ्ट. बाई नव्हे."

मी म्हटलं, "आणि कपाटात कोंडली की बरी होते ती बाई का?"

औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई, त्याही विश्वस्त आहेत, चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. बाहेर पडताना जिन्यावर मला सेविकेचा आवाज आला. बाईंना म्हणत होती, "सांगून टाका ना आता, किती दिवस झाकणार?" आणि बाई म्हणाल्या, "सभेनंतर." काय झाकताहेत देव जाणे. माझे कान तुला ठाऊक आहेत, चुकीचं ऐकलेलं नाही.

तुझं मत ३० जूनपर्यंत आलं तर बरं.

धाकटा


८ जुलै

ताई,
तीन आठवडे झाले. दोन पत्रं टाकून झाली असती एवढ्या वेळात.

रागावलीस हे समजतं. मैत्रिणीविरुद्ध मत द्यायचं म्हणजे जड जाणार. पण गप्प बसणं हेही मतच असतं, आणि ते तिच्या बाजूनं मोजलं जाईल. तीन-तीन झाले तर ठराव पडतो. मग बाई आणखी पाच वर्षं, आणि किल्ली पुन्हा पर्समध्ये.

काल न राहवून मुलाला फोन केला. म्हणाला, "आई हॉस्पिटलात गेलीय, संध्याकाळी येईल." मला हसू आलं. निवृत्त होऊन वर्ष होत आलं, तरी मेट्रनबाईंचे पाय तिकडेच. जुन्या पोरींना झाडायला जात असशील.

इथं वातावरण तापलंय. सेविका माझ्याशी बोलत नाही, नुसत्या फायली आपटते. बाईंनी दोन विश्वस्तांना घरी बोलावलं होतं, मला कळलं. माझ्या बाजूचे वकीलसाहेब आता म्हणताहेत, "एवढी घाई कशाला?" म्हणजे कुणीतरी त्यांच्याही घरी जाऊन आलंय. हे असं एकेक मत सुटायला लागलं तर तुझं मतही पुरायचं नाही.

मी या संस्थेत मिरवायला आलो नाही. आईच्या वेळेला आपल्याला कळलंच नाही तिला काय झालंय, कळलं तेव्हा उशीर झाला होता. तू तेव्हा नर्सिंगला होतीस, मी गॅरेजात ऑइल पुसत होतो. दुसऱ्या कुणाच्या आईला उशीर होऊ नये, म्हणून मी ते कपाट फोडलं. हे तुला तरी सांगावं लागू नये.

दोन ओळी लिही. हो किंवा नाही.

धाकटा


१३ जुलै

धाकट्या,
चौकीदार मी आहे.

आता बसून वाच, उभ्या उभ्या नको.

पाळी बंद होऊन सहा वर्षं झाली, आणि जानेवारीपासून थोडं थोडं अंगावरून जात होतं. दुसऱ्या कुणा बाईनं मला हे सांगितलं असतं तर तिला मी त्याच दिवशी टेबलावर चढवली असती. स्वतःच्या बाबतीत दोन महिने घालवले. इथल्या हॉस्पिटलात सगळ्या माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली. त्यांच्यापुढं जायचं जिवावर आलं. मार्चच्या सभेला तुझ्याकडे आले तेव्हा तू विश्वस्तांना नवीन कार्यालय दाखवत होतास. मी मागच्या दारानं आत गेले. डॉक्टर नव्हती, नवीन मुलगी होती, तिनं तपासणीचा नमुना घेतला. टोपणनाव विचारलं. जे सुचलं ते सांगितलं. नंबर पाहिजेच म्हणाली, म्हणून मुलाचा दिला. वाटलं, तो डॉक्टरच्या वहीसाठी असेल, आणि ती तो ओळखेल.

पंधरा दिवस दाराकडे लक्ष ठेवून होते. कुणी आलं नाही. म्हटलं, सुटले. तुझ्या त्या नव्या पद्धतीचं मला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या सव्वीस जणींना तरी कुणी सांगितलं असेल का, विचार कर. त्यांनीही दाराकडेच बघितलं असेल.

तुझं १९ जूनचं पत्र मी सुनेला मोठ्यानं वाचून दाखवत होते. महाराणी, विमान, असं करत चौकीदारापाशी आले आणि थांबले. तिला वाटलं अक्षर लागत नाही. ती कागद घेऊन पुढचं स्वतः वाचायला लागली, आणि खडूस सासूच्या वाक्याला हसली.

संध्याकाळी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "हो की, मार्चमध्ये आला होता असला मेसेज. नमस्कार चौकीदार, त्वरित केंद्रात या. कुठलं केंद्र, कसलं केंद्र, काही नाही. मी म्हटलं हा फसवणूकवाला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ब्लॉक केला. का, आई?"

तुझ्या कॉम्प्युटरवर पोचल्याची खूण आली असेल. बरोबरच आहे, पोचला होता.

इथल्या हॉस्पिटलात गेले. माझ्याच शिकवलेल्या मुलीनं हात धरला, आणि मी तो धरू दिला. तुकडा काढून तपासला. सुरुवात आहे, खोल गेलेलं दिसत नाही असं म्हणतात, पण खात्री काढल्यावरच. २० तारखेला ऑपरेशन. मार्चमध्ये कळलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मी डॉक्टरला विचारला नाही. तूही विचारू नकोस.

मत सभेच्या आधी पोचेल. त्याची काळजी सोड. आज पत्र मिळाल्याबरोबर यादी घेऊन तिच्या घरी जा. वही तिच्याकडे आहे. भांडायला जाऊ नकोस. सव्वीस जणी राहिल्या आहेत.

ताई


१७ जुलै

ताई,
पत्र काल दुपारी आलं. बसूनच वाचलं. काय लिहू ते सुचत नाही, म्हणून काय केलं ते लिहितो.

तासाभरात बाईंच्या दारात होतो. त्यांनी दार उघडलं, आणि मी आवाज दिल्यावर मग ओळखलं. म्हणाल्या, "राजीनामा न्यायला आलात? टाइप करूनच आणला असेल. सही कुठं करायची तेवढं दाखवा."

मी म्हटलं, "बाई, सव्वीस जणी सापडत नाहीत. त्यांना कळलेलंच नाही."

"आणि सत्ताविसावी?"

"ती ताई होती."

त्या भिंतीला धरून खाली बसल्या. खुर्ची शेजारीच होती, तरी. मग आत गेल्या, कपाटातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. "वाचा."

"वही तुमची आहे. तुम्ही वाचा, मी लिहून घेतो."

"मला वाचता येत असतं तर तुम्हाला घरात घेतलं असतं का मी?"

डिसेंबरपासून त्यांना समोरचं दिसत नाही, ताई. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. मान तिरकी करून बसतात ती म्हणून. जानेवारीत आजारी नव्हत्या, डोळ्यात इंजेक्शनं घेत होत्या. एकशे बारा अहवाल कपाटात पडले कारण त्यांना ते वाचता येत नव्हते, आणि वाचता येत नाही हे कुणाला सांगायचं नव्हतं. सेविकेला फक्त माहीत. मी सहा महिने ज्याला मिजास समजत होतो ते हे होतं.

मी विचारलं, "सांगितलं का नाही?"

म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सत्कार ठेवला असता."

खोटं नव्हतं. ठेवला असता.

वहीत अक्षरं बोटाएवढी. लिहिता अजून येतं, सवयीनं, पण एक ओळ दुसरीवर चढलेली. मी मोठ्यानं वाचत होतो आणि त्या पूर्ण करत होत्या. "सुई," मी वाचलं, "हिरवं फाटक, दुपारी दोन ते तीन..."

"एकटी असते. सासू बहिरी आहे, पण नजर वाईट. बांगड्यांचं माप घ्यायला आले म्हणायचं. पुढची."

"मिरची."

"तिला घरी गाठायचं नाही. शाळेच्या फाटकापाशी, पोरांना न्यायला येते तेव्हा. नवरा दारापर्यंत सोडतो, रस्ता ओलांडत नाही."

संध्याकाळपर्यंत सोळा झाल्या. उरलेल्या दहा नव्या आहेत, त्या बाईंना भेटलेल्याच नाहीत. त्यांचं घर कुणाच्याच वहीत नाही. कार्यालयाकडे आहे फक्त नंबर. नंबर कुणाचा, ते आता तुला सांगायला नको.

आज सकाळपासून सेविका आणि बाई रिक्षा करून निघाल्यात. मी गेलो तर बायका दार उघडणार नाहीत, म्हणून मी कार्यालयात बसून दहा जणींचे अर्ज चाळतोय, कुठं काही खूण सापडते का. व्हरांड्यातली बाकं आत घेतली. मशीन बाहेर काढलं. भिंत पाडलेलीच होती, सोपं गेलं.

२० तारखेला मी तिकडे येतो.

धाकटा


१९ जुलै

विश्वस्त मंडळास,

२५ जुलैच्या सभेसाठी माझं मत, माझ्या हस्ताक्षरात, माझ्या शुद्धीत.

पहिल्या कलमाच्या बाजूनं. संचालकबाईंनी पद सोडावं. ज्या माणसाला अहवाल वाचता येत नाही आणि ते सांगताही येत नाही, त्यानं त्या खुर्चीत बसू नये. हे लिहिताना मला किती जड जातंय ते तिला कळेल, इतरांना कळायची गरज नाही.

दुसऱ्या कलमाच्या विरुद्ध. वाईट अहवाल माणसानं माणसाला तोंडानं सांगायचा. ते काम सेविकेकडे द्यावं, तिच्या हाताखाली आणखी दोघी नेमाव्यात. डॉक्टरनं त्या तिघींना सगळं शिकवावं. वही एक नसावी, दोन असाव्यात, आणि दुसरी कुठं ठेवायची ते तिघींनी ठरवावं.

आणि माझ्याकडून तिसरं कलम. पद्धत बदलली हे ज्यांच्यासाठी बदलली त्या बायकांना न सांगितल्याबद्दल अध्यक्षांनीही पद सोडावं. ते माझे धाकटे भाऊ आहेत, म्हणून हे दुसऱ्या कुणी सुचवायच्या आधी मी सुचवते.

दोघांपैकी कुणीही वाईट माणूस नाही, असं इतिवृत्तात नोंदवलं तर बरं.

एक विश्वस्त


(सोबतची चिठ्ठी)

धाकट्या, २० ला येऊ नकोस, मुलालाही फोन करून तुला कळवायला सांगितलंय. इथं करायला पुष्कळ माणसं आहेत. तिथं दहा बायका आहेत.
ता.


३० जुलै

ती. ताई,
मुलानं फोनवर अहवाल वाचून दाखवला. काढलेल्याच्या कडा स्वच्छ आहेत, हे वाक्य मी त्याला तीनदा वाचायला लावलं. तो म्हणाला, "मामा, तुम्हाला ऐकू कमी येतं का हल्ली?" म्हटलं, हो.

आता सभेचं. पहिलं कलम चार विरुद्ध दोन. बाईंनी मत दिलं नाही. निकाल ऐकून एवढंच म्हणाल्या, "तिचं अक्षर आहे का ते? वाकडं आहे?" सेविका म्हणाली, वाकडं आहे. त्यावर हसल्या. दुसरं कलम पडलं, मीही विरुद्ध हात वर केला. तिसऱ्याला पाच मतं पडली, त्यातलं एक माझं. वकीलसाहेबांनी माझ्यासाठी जोरदार भाषण केलं, मी त्यांना बसायला सांगितलं. अध्यक्ष आता औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई. पहिल्याच दिवशी विचारलं, मशीन कुणाला देता येईल का. मला विश्वस्त म्हणून ठेवलंय, दारं-खिडक्यांचं बघायला.

बायकांचं सांगतो. वहीतल्या सोळाही सापडल्या. सगळ्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवून झाल्या. चौदा जणींचं वेळेत आहे. 'महाराणी'चं ऑपरेशन लगेच करावं लागेल असं म्हणतात. 'विमान'चं फार पुढे गेलंय. ती बत्तीस वर्षांची आहे. बाई रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसतात, आता त्यांना संस्थेत यायची घाई नसते.

नवीन दहांपैकी सहा सापडल्या. सेविकेनं अर्ज घेणाऱ्या मुलीला समोर बसवून एकेकीचं वर्णन काढलं. साडीचा रंग, बरोबरचं मूल, चप्पल, खोकला. अशानं सहा. चार अजून नाहीत. त्यांचे नंबर मी वेगवेगळ्या वेळी लावून बघतो. पुरुष उचलतात. मी राँग नंबर म्हणून ठेवून देतो.

आणि एक राहिलं. निरोप वाचून आलेल्या ज्या अकरा जणींबद्दल मी तुला लिहिलं होतं, त्यांनाही नवीन अध्यक्षांनी बोलावून विचारलं. दहा जणींना निरोप मिळालाच नव्हता. त्रास वाढला म्हणून आपणहून आल्या होत्या. अकरावीला मिळाला. ती आमच्याकडेच लादी पुसते, तिच्याजवळ मोबाइल नाही, अर्जावर तिनं आमच्या कार्यालयाचाच नंबर लिहिला होता.

धाकटा